हरणी: एका बुजऱ्या घोडीसोबतचे वर्ष

हरणीचे रक्त पहिल्यांदा काढले तेव्हा चार माणसे लागली. एकाने मोरकी, म्हणजे डोक्यात घातलेली दोरी, धरली, दुसऱ्याने उजवा कान पिळून धरला, तिसऱ्याने वरच्या ओठाला दोरीचा फास घालून काठीने पीळ दिला आणि चौथे डॉक्टर सुई घेऊन उभे राहिले. मानेतली शीर सापडेपर्यंत घोडी दोनदा मागच्या पायांवर उभी राहिली, गोठ्याच्या पत्र्यावर तिचे डोके आपटले आणि नळी भरून झाली तेव्हा तिच्या पोटाखालून घाम टपकत होता. नोव्हेंबरातली गार सकाळ होती. मी बाजूला उभी राहून हे सारे पाहिले आणि होऊ दिले, कारण दुसरी कोणती रीत असते हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

ती तपासणी टाळता येण्यासारखी नव्हती. ग्लँडर्स हा घोड्यांचा असाध्य जिवाणूजन्य आजार घोड्यापासून माणसालाही होतो आणि बाधित ठरलेल्या जनावराला कायद्यानुसार दयामरण द्यावे लागते. आमचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे पाठवला गेला आणि तो निर्दोष निघाला. खरे तर ही तपासणी घोडी विकत घेण्याआधीच करून घ्यायला हवी होती. आता कोणी मला घोड्याबद्दल विचारले, तर रंग, चाल, किंमत यांच्या आधी मी हेच सांगते.

आम्ही देगावला राहतो. सोलापूर शहर जिथे संपते आणि ज्वारीची शेते सुरू होतात, त्या सीमेवर आमचे दोन एकर रान आहे. मी शाळेत गणित शिकवते. माझे सासरे, ज्यांना घरात सगळेच अण्णा म्हणतात, तरुणपणी सोलापूर स्टेशनवर टांगा चालवत. रिक्षा आल्या, टांगे गेले, अण्णांनी घोडा विकला आणि त्यानंतर पुष्कळ वर्षे त्यांच्या बोलण्यात घोड्याचा विषय निघाला की ते मध्येच गप्प होत. दिवाळीनंतर अकलूजच्या घोडेबाजाराला एकदा घेऊन चला, असे त्यांनीच म्हटले. घोडा घ्यायचा असे कोणाच्याही मनात नव्हते.

अकलूजच्या बाजारात गिऱ्हाईक आधी भोवरे, म्हणजे अंगावरच्या केसांची वेटोळी, पाहते. मानेवर देवमण हा शुभ मानलेला भोवरा आहे का, कपाळावरचा भोवरा कुठे बसला आहे, पाय किती पांढरे आहेत, चारही पाय आणि तोंड पांढरे असलेली पंचकल्याणी आहे की नाही, यावर किमती हजारोंनी वरखाली होतात. मारवाडी आणि काठेवाडी घोडी रंगीत गोंडे लावून नाचवली जात होती. हरणी मात्र रांगेच्या टोकाला, एका टेंपोच्या सावलीत, मान खाली घालून उभी होती. ती भीमथडी जातीची, भीमेच्या खोऱ्यात धनगरांच्या मेंढरांबरोबर पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालणाऱ्या ठेंगण्या, काटक घोड्यांपैकी. मराठ्यांच्या फौजेत हीच तट्टे होती, आणि आता कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली आहे. बाजारात त्या मान्यतेने काही फरक पडलेला मला दिसला नाही. वरातीसाठी तिला कोणीतरी घेतले होते, फटाक्यांना बुजून ती उधळली म्हणून काटेरी लगाम घालून वठणीवर आणायचा प्रयत्न झाला होता आणि तोही फसल्यावर ती विक्रीला आली होती. काटेरी लगामाला १९६५ सालच्या नियमांनीच बंदी आहे, तरी तिच्या ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत बोटाच्या पेराएवढे पांढरे वण होते. अण्णांनी तिचे दात पाहिले, कडेचे दुधाचे दात पडून पक्के आले होते, म्हणजे वय पाच वर्षांच्या पुढे. मग ते तिच्या खांद्याला हात लावायला गेले आणि ती पाठीमागच्या टेंपोवर जाऊन धडकली. अण्णा मागे सरले, तिच्याकडे न पाहता बराच वेळ तिथेच उभे राहिले आणि मग मला म्हणाले, "सूनबाई, ही वाईट नाही. हिला भ्या बसलंय." २८,००० रुपयांना आम्ही ती घेतली.

रक्त काढण्याचा प्रसंग घडला तो तिसऱ्या दिवशी. त्यानंतर कोणीही माणूस कुंपणाशी दिसला की ती सर्वांत लांबच्या कोपऱ्यात जाऊन पाठ करून उभी राहू लागली. डॉक्टर जाताना एक वाक्य बोलून गेले, ते माझ्या मनात रुतले. ते म्हणाले की, उद्या हिचे पोट दुखले आणि ही आजच्यासारखी वागली, तर मला हिच्यासाठी काहीही करता येणार नाही. तोपर्यंत शिकवणे म्हणजे पाठीवर बसणे, लगाम ओळखणे, चाल लावणे असेच मी समजत होते. त्या दिवसापासून माझ्यासाठी शिकवण्याचा अर्थ बदलला. हिला आधी तपासून घ्यायला शिकवायचे, बाकीचे जमले तर जमले, असे मी ठरवले. ते काम कसे करायचे हे अण्णांना थोडे अनुभवाने ठाऊक होते, थोडे डॉक्टरांनी सांगितले, थोडे मी वाचले आणि उरलेले हरणीनेच शिकवले.

पहिले नऊ दिवस मी काहीच केले नाही. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास कुंपणाच्या आत प्लॅस्टिकची खुर्ची टाकून, तिच्याकडे पाठ नव्हे पण बाजू करून, मी सहावीच्या उत्तरपत्रिका तपासत बसे. घोडा हे शिकार होणारे जनावर आहे. त्याच्याकडे टक लावून सरळ चालत येणारा प्राणी त्याला शिकारी वाटतो. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे, सुमारे ३५० अंशांतले दिसते, फक्त कपाळासमोरची आणि शेपटीमागची थोडी जागा दिसत नाही. म्हणून समोरून किंवा मागून न जाता खांद्याच्या दिशेने, तिरके, थांबत थांबत जावे, असे अण्णा सांगत. सहाव्या दिवशी मागे फुरफुर ऐकू आली. मी हलले नाही. गरम श्वास मानेवर आला, मग खांद्यावर, मग तिने मांडीवरचा एक पेपर ओठांनी उचलला, चघळला आणि टाकून दिला. त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी वर्गात खरे काय ते सांगितले आणि पूर्ण वर्ग घोडी पाहायला येतो म्हणून मागे लागला. त्यांना चार महिने थांबायला सांगितले.

हात लावण्याची सुरुवात चेहऱ्यापासून केली नाही. मानेचा शेवट होऊन पाठ सुरू होते तिथे आयाळीच्या टोकाशी जो उंचवटा असतो, तिथे घोडी एकमेकींना दातांनी खाजवतात आणि तिथे खाजवल्याने घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे अभ्यासातून दिसलेले आहे. मी तिथेच बोटांच्या टोकांनी खाजवत असे आणि तिने दूर जाण्याआधी स्वतःच हात काढून दोन पावले मागे जात असे. सगळी विद्या या मागे जाण्यातच आहे. घोडे दाबामुळे शिकत नाही, दाब सुटतो त्या क्षणामुळे शिकते. मोरकीची दोरी हलकेच ताणली, तिने मान एक इंच जरी माझ्याकडे वळवली, तर त्याच क्षणी दोरी सैल पडली पाहिजे. दोन सेकंदांनी सोडली तर तोवर तिने मान परत फिरवलेली असते आणि तिच्या लेखी शाबासकी मान फिरवण्याला मिळते. मी वर्गातही याबाबतीत पुष्कळ उशीर करत होते, हे मला या घोडीपाशी उमगले.

अण्णांशी माझे मतभेद याच काळात झाले. तोबऱ्यात हरभरे दाखवून जवळ बोलवा, असे त्यांचे म्हणणे होते आणि तसे केल्यास ती लवकर येईल हेही खरे होते. पण मला वाटत होते की ती हरभऱ्यासाठी येईल आणि हरभरे संपताच पुन्हा कोपऱ्यात जाईल. शेवटी दोघांचेही थोडे थोडे खरे ठरले. पायाला आणि शेपटीला हात लावणे अशा अवघड गोष्टींसाठी चारदोन भिजवलेल्या हरभऱ्यांची मदत झाली, मात्र हरभरे हातातून न देता भांड्यात टाकूनच दिले, कारण हातातून खाणारी घोडी पुढे हात चाचपू लागते आणि चावायला शिकते.

सोलापुरी चादरीचा प्रसंग सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण त्यातली चूक सर्वस्वी माझी होती. फडफडणाऱ्या कापडाची भीती घालवण्यासाठी मी घरातली जुनी, जड चादर घेतली. आधी तिची पुस्तकाएवढी घडी करून हुंगायला दिली, मग त्या घडीने डावा खांदा पुसला, मग एक घडी उलगडली, मग दुसरी. प्रत्येक पायरीवर तिची मान खाली येईपर्यंत, कान सैल पडेपर्यंत आणि ती ओठ चाटेपर्यंत थांबत गेले. आठ दिवसांत पूर्ण चादर डाव्या बाजूने तिच्या पाठीवर टाकता येऊ लागली. नवव्या दिवशी शाळेला उशीर होत होता आणि मी उजव्या बाजूला उभी होते, म्हणून उजवीकडूनच टाकली. एका बाजूने पाहिलेली वस्तू दुसऱ्या बाजूने घोड्याला नवीच वाटू शकते, हे मी वाचलेले होते, तरीही. हरणी जागच्या जागी उसळली, दोरी माझ्या तळहातातून सरसरत गेली आणि चादर मागच्या पायांत अडकलेली असताना ती चौखूर धावत सुटली. माझ्या तळहाताची कातडी सोलली गेली, ती दोन आठवड्यांनी भरून आली. तिच्याबाबत मात्र मला पुन्हा पुस्तकाएवढ्या घडीपासून, तेही उजव्या बाजूने, आरंभ करावा लागला आणि त्याला अठरा दिवस लागले. त्यानंतर शाळेच्या घाईत मी तिच्यापाशी गेले नाही. वेळ नसेल त्या दिवशी फक्त चारापाणी करून परत येते.

यासोबत रोजची निगा चालूच होती, आणि तिचे वेळापत्रकच आमच्या शिकवण्याचा पाया ठरले. सकाळी साडेपाचला मी गव्हाणीत रात्रीचा चारा किती उरला ते पाहते आणि मग लीद पाहते. निरोगी घोडा दिवसातून साधारण ८ ते १२ वेळा लीद टाकतो. गोळे घट्ट पण फुटणारे, फार कोरडे नाहीत आणि पातळ नाहीत, असे असावेत. मग ओठ उचलून हिरडी पाहते. ती गुलाबी, ओलसर असावी आणि अंगठ्याने दाबून पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हावी. ओठांच्या कोपऱ्यांवर वण असलेल्या घोडीने ओठ उचलू देणे ही सोपी गोष्ट नव्हती, त्यासाठी डिसेंबरचा पूर्ण महिना गेला. त्यानंतर चारही पायांवरून हात फिरवून कुठे गरम लागते का, सूज आहे का ते पाहायचे, खूर उचलून साफ करायचे आणि शेवटी खरारा, म्हणजे अंग घासून साफ करणे. खरारा केवळ चकाकीसाठी नसतो, हे अण्णांचे वाक्य मला पटलेले आहे. हाताखालून रोज पूर्ण अंग गेले की गोचीड, जखम, गाठ, दुखरी जागा पहिल्याच दिवशी कळते.

एका वहीत मी तिचे नेहमीचे आकडे लिहून ठेवले. विसावलेल्या घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६ आणि तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. पण हे सर्वसाधारण आकडे झाले. हरणीचे ठोके सकाळी ३६ असतात, श्वास १२ आणि तापमान ३७.८. ठोके जबड्याखालच्या धमनीवर बोट ठेवून किंवा डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावून मोजता येतात. थर्मामीटर गुदद्वारात लावावा लागतो, म्हणून शेपटीच्या मुळाशी हात, मग शेपूट बाजूला, मग नुसते बोट टेकवणे, मग तेल लावलेला थर्मामीटर, अशा पायऱ्या केल्या. लाथ बसू नये म्हणून मागे उभे न राहता पुठ्ठ्याला, म्हणजे तिच्या ढुंगणाच्या बाजूला, अंग लावून बाजूला उभे राहायचे. स्टेथोस्कोप कुशीवर, दोन्ही बाजूंना वर आणि खाली, अशा चार ठिकाणी लावून आतड्यांची गुडगुड ऐकायची सवयही मी करून घेतली. आतड्यांचा आवाज येणे हे घोड्याच्या बाबतीत शुभचिन्ह असते.

तिचे वजन करायला काटा नव्हता. छातीचा घेर १४७ सेंटिमीटर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी १३५ सेंटिमीटर भरली. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणायचे आणि ११,८८० ने भागायचे की किलोग्रॅममध्ये अंदाजे वजन येते. ते सुमारे २४६ आले. सहावीच्या वर्गाला मी हे गणित घातले आणि यंदा त्यांचे उत्तर कोणाचेही चुकले नाही. वजन कळण्याचा उपयोग जंताच्या औषधाची मात्रा ठरवताना आणि चारा मोजताना होतो. घोड्याला रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा लागतो, म्हणजे हरणीला चार ते पाच किलो, आणि तो दिवसभर थोडा थोडा, कारण घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि ते फार वेळ रिकामे राहिले तर आम्लाने जखमा होतात. आमच्याकडे शाळूचा कडबा मुबलक. वाळलेला, बुरशी नसलेला कडबा, त्यात वाळलेले गवत, थोडा लसूणघास, समोर मिठाचा खडा आणि हौदात सतत पाणी. कोवळ्या हिरव्या ज्वारीत विषारी द्रव्य असते, म्हणून ती कधीही घालत नाही. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते; आमचे बोअर नसते तर रोज भरपूर आणि उन्हाळ्यात त्याहून पुष्कळ जास्त पाणी पिणारे जनावर पाळण्याचे धाडस मी केले नसते.

जानेवारीत दोन गोष्टी आल्या. सिद्धेश्वरांची यात्रा आणि हुरडा. यात्रेतील शोभेच्या दारूकामाचा आवाज देगावपर्यंत पोचतो, म्हणून महिनाभर आधीपासून हरणी चारा खात असताना मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावून ठेवत असे आणि ती कान टवकारून खाणे थांबवणार नाही एवढाच दर आठवड्याला वाढवत असे. दारूकामाच्या रात्री अण्णा तिच्यापाशी बसले. ती तीनदा थरथरली, पण कुंपणाकडे धावली नाही. त्याचा आनंद आम्हाला चारच दिवस मिळाला.

शेजारच्या रानात हुरडा पार्टी होती. पाहुण्यांच्या मुलांनी कुंपणावरून हरणीला कणसे दिली, तिने खाल्ली, मुलांना गंमत वाटली आणि टोपलीभर कणसे तिच्या पोटात गेली. यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. कुंपणावर पाटी लावायला हवी होती, ती मी नंतर लावली. रात्री साडेदहाला अण्णांनी हाक मारली. ती पुढच्या खुराने माती उकरत होती, वळून वळून कुशीकडे पाहत होती, वरचा ओठ वळवत होती. पोटशूळ. मी वही घेऊन बसले. ठोके ६४. हिरडीचा रंग परत यायला तीन सेकंद. उजव्या कुशीत वरच्या बाजूला काहीही ऐकू येत नव्हते, डाव्या कुशीत क्वचित एखादा आवाज. तापमान ३८.१. डॉक्टरांना फोन करून मी एवढेच आकडे वाचून दाखवले. त्यांनी मध्येच थांबवून विचारले, "हे तुम्ही आत्ता मोजलंत? ती मोजू देते?" आणि निघालो म्हणाले.

ते येईपर्यंत गोळा झालेल्या माणसांनी मनापासून सल्ले दिले. बैलाला पाजतात तसे नळकांड्याने गोडेतेल पाजा, असा सर्वांचा आग्रह होता. मी ठाम नकार दिला. घोड्याच्या तोंडात असे तेल ओतले तर ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो आणि घोडा पोटशुळातून वाचला तरी न्यूमोनियाने जातो. दुसरे म्हणजे घोड्याला ओकता येत नाही. जठराच्या तोंडाशी इतका घट्ट स्नायू असतो की आत साचलेला वायू आणि पाणी वर येऊ शकत नाही, जठर ताणत जाते आणि फुटू शकते. ते बाहेर काढायला एकच उपाय असतो, नाकपुडीतून जठरापर्यंत नळी घालणे, आणि ते काम डॉक्टरांचे आहे. आम्ही तिच्यापुढचा चारा काढला, तिला दहा मिनिटे सावकाश चालवले आणि उभी राहू दिली. रात्रभर चालवत राहण्याने घोडे फक्त थकते.

डॉक्टर सव्वाबाराला आले. मी मोरकी धरली, अण्णांनी विजेरी धरली. ओठाला फास घालायची दोरी डॉक्टरांनी पिशवीतून काढून पायरीवर ठेवली आणि आधी तसेच करून पाहू म्हणाले. नळीला जेली लावून त्यांनी ती तिच्या नाकपुडीपाशी नेली, तिला हुंगू दिली आणि मग खालच्या बाजूने हळूहळू आत सरकवली. हरणीने डोके वर झटकले. डॉक्टरांनी नळी पुढे न ढकलता तिथेच थांबवली. तिची मान पुन्हा खाली आली, तिने गिळले आणि त्या गिळण्याबरोबर नळी अन्ननलिकेत गेली. मानेच्या डाव्या बाजूला, कातडीखालून ती उतरताना विजेरीच्या उजेडात मला दिसली. बादलीत आंबूस, फेसाळ पाणी आले, अर्धी बादली, त्यात ज्वारीचे दाणे. त्यानंतर त्याच नळीतून लिक्विड पॅराफीन गेले आणि शिरेतून दुखण्याचे इंजेक्शन. ती दोरी पायरीवरच राहिली.

पहाटे चारला पहिली लीद पडली आणि ठोके ४८ वर आले, पण डॉक्टरांनी खरी भीती पुढच्या दोन दिवसांची सांगितली. दाण्याचा अतिरेक झाला की आतड्यातले जिवाणू बिघडतात, त्यांचे विष रक्तात उतरते आणि खुराच्या आतले हाडाला कवचाशी जोडणारे पापुद्रे सुजतात. घोडे त्यातून कायमचे पांगळे होऊ शकते. त्यावर सर्वांत चांगला उपाय, सूज दिसण्याआधीच खूर बर्फाच्या पाण्यात सतत ठेवणे. आम्ही बर्फाच्या लाद्या आणल्या, चार रबरी घमेली घेतली आणि ४८ तास आळीपाळीने बसलो. घमेल्यात पाय ठेवून उभे राहणे तिला नवे नव्हते, कारण काळ्या मातीचे गोळे भिजवून सोडवण्यासाठी मी महिनाभर तिचे खूर घमेल्यात धूत होते. दर दोन तासांनी घोट्यामागच्या नाडीवर बोट ठेवायचे. ती नाडी ठणठण उडू लागली तर धोका. ती उडाली नाही. तिसऱ्या दिवशी तिला मूठभर ओले गवत दिले तेव्हा अण्णा तोंड फिरवून बाहेर गेले.

पुढचे महिने तितके नाट्यमय नव्हते. चघळलेल्या चाऱ्याचे बोळे गव्हाणीत पडू लागले तेव्हा डॉक्टरांनी दाढांच्या धारदार कडा कानशीने घासून दिल्या. लीद तपासून जंताचे औषध आणि धनुर्वाताची लस झाली. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे गेल्यावर सकाळी सातनंतर तिला कडुनिंबाखालून हलवले नाही. पावसाळ्यात खुराच्या तळव्यातील मऊ त्रिकोणी भागाच्या खाचा काळ्या पडून वास येऊ लागला. रोज साफ करून, जमिनीवर मुरूम टाकून कोरडे ठेवल्यावर तीन आठवड्यांत बरे झाले. दर सहा आठवड्यांनी नालबंद चाचा येऊन खूर कापतात. ती मऊ रानातच चालते, म्हणून नाल मारलेले नाहीत. पहिल्या खेपेला चाचांनी पाय बांधायला दोरखंड आणला होता, आता तो सायकललाच अडकवलेला असतो. माझ्या धाकट्या मुलीने दसऱ्याला तिच्यावर बसून, काटे तर सोडाच, तोंडात कडीही न घालता, नुसत्या मोरकीवर बांधापर्यंत चक्कर मारली.

ऑक्टोबरात पुन्हा रक्त द्यायचे होते, या वेळी सर्रासाठी. गोमाश्या चावल्याने पसरणारा हा रक्तातल्या परजीवीचा आजार पावसाळ्यानंतर पाहावा लागतो. तेच डॉक्टर आले. मी डाव्या खांद्याशी उभी राहून आयाळीच्या टोकाशी खाजवत होते आणि दोरी माझ्या कोपरावर नुसती लोंबत होती. त्यांनी मान स्पिरिटने पुसली, अंगठ्याने शीर फुगवली आणि सुई घातली. हरणीची कातडी एकदा थरथरली, माशी बसल्यावर थरथरते तशी. नळी भरत असताना ती डॉक्टरांच्या खिशातला पेन ओठांनी चाचपत होती.

उजव्या कानाला मात्र ती अजून हात लावू देत नाही. त्या सकाळी जो पिळला होता, तोच हा कान. म्हणून तिची मोरकी कानांवरून ओढावी न लागता मानेमागे बक्कलने बंद होईल अशी शिवून घेतली आहे. रोज खरारा संपताना मी हात उजव्या गालावरून कानाच्या दिशेने नेते आणि ती मान ताठ करते त्या ठिकाणी थांबवून मागे घेते. ते ठिकाण सध्या कानापासून चार बोटांवर आहे. दिवाळीत सहा बोटांवर होते.